एकशे एकविसावा पराभव पाहायला: शिकागो ते डेट्रॉइट

दक्षिणतीर, ३ ऑक्टोबर २०२४

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा हंगाम गेल्या रविवारी संपला. १६२ सामन्यांपैकी संघाने ४१ जिंकले आणि १२१ गमावले. १९०१ पासून जो आधुनिक काळ मानला जातो, त्यात एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. याआधीचा आकडा १२० होता आणि तो १९६२ साली, स्थापनेच्या पहिल्याच वर्षी, न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर लागला होता. एकशे एकविसावा पराभव २७ सप्टेंबरच्या शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये झाला आणि त्या वेळी मी आणि माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा तिथे प्रेक्षकांत होतो. आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून गाडीने गेलो होतो. 'हरणारा संघ पाहायला पाच तास गाडी हाकत कोण जाते?' असे मंडळातल्या दोघातिघांनी विचारले. उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येईना, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना या संघाविषयी फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. शिकागोत बेसबॉलचे दोन संघ आहेत. उत्तरेकडचा कब्ज हा जगभर ठाऊक असलेला, तर दक्षिणेकडचा व्हाइट सॉक्स हा पस्तिसाव्या रस्त्यावरचा, ब्रिजपोर्टच्या कामगार वस्तीला लागून असलेला. मी या देशात आलो तेव्हा नोकरीमुळे त्याच बाजूला राहत होतो आणि रेड लाइन या शहरी रेल्वेने येता-जाता काळे-पांढरे गणवेश घातलेली माणसे डब्यात चढताना पाहत होतो. २००५ साली याच संघाने ह्यूस्टन ॲस्ट्रोजला सलग चार सामन्यांत हरवून ८८ वर्षांनंतर विश्वविजेतेपद मिळवले. मी तेव्हापासूनचा प्रेक्षक आहे. म्हणजे मी सुगीच्या दिवसांत आलो, आणि निदान त्यासाठी तरी दुष्काळात उठून जाणे मला शोभले नसते.

यंदाची पडझड एका वर्षात झालेली नाही. २०१६ च्या अखेरीस संघाने क्रिस सेल हा आपला सर्वोत्तम पिचर (चेंडू फेकणारा) बॉस्टनला दिला आणि बदल्यात उमेदवारीतले तरुण खेळाडू घेतले. काही वर्षे कळ सोसा, मग हेच तरुण तुम्हाला विजेतेपद मिळवून देतील, असा तो वायदा होता. प्रेक्षकांनी कळ सोसली. २०२१ मध्ये ९३ विजयांसह संघ आपल्या विभागात पहिला आला आणि वायदा खरा होणार असे वाटू लागले. त्यानंतर दुखापती झाल्या, राखीव फळी कच्ची निघाली आणि वेळेवर नवे खेळाडू आले नाहीत. २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि यंदा हे. याच हंगामात आधी सलग १४ आणि नंतर सलग २१ सामने संघ हरला. त्यातल्या दुसऱ्या मालिकेने १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या अमेरिकन लीगमधल्या (इथल्या दोन लीगांपैकी एक) विक्रमाची बरोबरी केली. ८ ऑगस्टला व्यवस्थापक पेद्रो ग्रिफोल यांना काढण्यात आले आणि उरलेला हंगाम ग्रेडी साइझमोर यांनी सांभाळला.

आता डेट्रॉइटच का, ते सांगतो. या वर्षी घरच्या मैदानावर पाऊल ठेवायचे नाही, असे मी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवले होते. १९८१ पासून संघाची मालकी जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहे. संघावर खर्च करायची वेळ आली की हात आखडता घेतला जातो आणि त्याच वेळी शहराच्या मध्यभागाजवळ नव्या मैदानासाठी सार्वजनिक पैसा मागितला जातो, हे मला मान्य नाही. घरच्या सामन्याचे तिकीट, पार्किंग, खाणेपिणे या सगळ्याचा पैसा यजमान संघाच्या गल्ल्यात पडतो. त्यातला काही हिस्सा सर्व संघांच्या सामाईक निधीत जातो खरा, पण मुख्य मिळकत यजमानाची असते. म्हणून माझ्या नावडत्या मालकाच्या खिशात फारशी भर न घालता माझ्या आवडत्या खेळाडूंना प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर ते बाहेरगावी खेळत असताना पाहणे हा एकच मार्ग उरतो. मिलवॉकी जवळ आहे, पण हंगामाचा शेवट डेट्रॉइटला होता आणि शेवट चुकवायचा नव्हता.

आम्ही तिकिटे ऑगस्टमध्येच काढली होती. विक्रम आमच्या डोळ्यांदेखत होईल असे तेव्हा कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोत एकशे विसावा पराभव झाला आणि संघ घरी परतला. घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्धचे तीन सामने होते. तो विक्रम पाहण्यासाठीच म्हणून बरीच माणसे जमली होती, 'संघ विका' अशा घोषणा देत होती, आणि संघ तिन्ही सामने जिंकला. मी ते घरी टीव्हीवर पाहिले. तिसऱ्या विजयानंतर मुलाचा वसतिगृहातून फोन आला. 'बाबा, आता ते आपल्यासमोरच होणार,' असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात आनंद होता की वाईट वाटत होते, हे मला ओळखता आले नाही.

रस्ता म्हणून पाहिले तर आय-९४ या महामार्गात फारसे नावीन्य नाही. गॅरीजवळ पोलादाच्या कारखान्यांच्या बाजूने, मालट्रकांच्या रांगेतून अंग चोरत जावे लागते. इंडियाना ओलांडून मिशिगनमध्ये शिरले की घड्याळ एक तास पुढे जाते, आणि संध्याकाळचा सामना गाठायचा असेल तर हा तास आधीच हिशेबात धरावा लागतो. बेंटन हार्बरपासून पुढे द्राक्षांचे मळे आणि सफरचंदांच्या बागा लागतात. सप्टेंबरअखेर म्हणजे सफरचंदांचा भर, त्यामुळे वाटेवर पाट्यांची गर्दी होती. कॅलमझूच्या अलीकडे थांबून दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. पुढे बॅटल क्रीक, जॅक्सन आणि ॲन आर्बर करत दिवसाउजेडी डेट्रॉइटला पोचलो.

कोमेरिका पार्कच्या दाराशी दगडी वाघ आहेत आणि आत मुलांसाठी बेसबॉलच्या आकाराच्या पाळण्यांचे मोठे चक्र आहे. मैदान भरलेले होते, कारण यजमान टायगर्सना त्या रात्री एक विजय मिळाला की २०१४ नंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत प्रवेश मिळणार होता. पाहुण्या संघाच्या डगआउटमागे, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेमागे, आमच्यासारखे काळ्या टोप्यांतले थोडेच लोक होते. ओळख नसतानाही आम्ही सरकत सरकत एकमेकांजवळ येऊन बसलो.

मी सामना पाहताना नोंदवही ठेवतो. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक क्रमांक असतो: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) ३, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६. शॉर्टस्टॉपने जमिनीवरचा चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की त्याच्या चौकोनात '६-३' लिहायचे. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा न मारता सोडलेले चांगले चेंडू) होऊन बाद झाला तर रोमन लिपीतला 'के', आणि तिसऱ्या चेंडूवर त्याने बॅट फिरवलीच नसेल तर तोच 'के' उलटा. धाव पूर्ण झाली की चौकोनातला हिरा (चार बेसचे छोटे चित्र) पेन्सिलने भरून काढायचा. त्या रात्री डावीकडच्या पानावर, म्हणजे आमच्या संघाच्या पानावर, एकच हिरा भरला गेला. सामना ४-१ असा गेला. हे पान नीट भरायचे असे मी निघतानाच ठरवले होते. हंगामाचा आकडा इतिहासात राहीलच, पण त्या आकड्याखाली कोणी कुठे झेल घेतला, कोणी दोन बाद असताना जीव तोडून पळून बेस गाठला, हे ज्यांनी पाहिले त्यांनी लिहून ठेवले नाही तर ते कोणालाच आठवणार नाही. हरणाऱ्या संघातही प्रत्येक रात्री कोणीतरी चांगला खेळलेला असतो. गॅरेट क्रोशेचेच पाहा: पूर्ण हंगाम सुरुवातीचा पिचर म्हणून खेळण्याचे हे त्याचे पहिलेच वर्ष, आणि १४६ डावांत २०९ फलंदाज त्याने स्ट्राइकआउट केले. नावापुढे मात्र ६ विजय आणि १२ पराभव.

सामना संपल्यावर मैदानावर यजमान खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते आणि सगळे मैदान गर्जत होते. आमच्यावर कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क टायगर्स-प्रेमीने मागे वळून माझ्या मुलाशी हात मिळवला आणि 'उद्या पुन्हा या,' असे म्हटले. आम्ही खरोखरच शनिवारीही गेलो आणि तो सामना व्हाइट सॉक्स जिंकले. रविवारचाही जिंकले, पण तो आम्ही परतीच्या वाटेवर रेडिओवर ऐकला.

पडत्या काळातल्या संघामागे ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी अवश्य लिहावे. घरच्या मैदानावर न जाण्याच्या माझ्या निर्णयाविषयी मतभेद असतील तर तेही मांडावेत.

पेठेतला वाचक, ३ ऑक्टोबर २०२४

लेख अतिशय आवडला. मी पुण्यात राहतो आणि बेसबॉल दूरूनच ओळखतो, म्हणून दोन शंका विचारतो. १६२ पैकी ४१ विजय म्हणजे चौथा हिस्सा होतो. क्रिकेटमध्ये चौथा हिस्सा सामने जिंकणारे संघ आपण बरेच पाहिले आहेत, मग याचे इतके अप्रूप का? दुसरे असे, की युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. इथे अशा संघाचे काय होते?

दक्षिणतीर, ३ ऑक्टोबर २०२४

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. बेसबॉलमध्ये एका सामन्याच्या निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो. जोरात मारलेला चेंडू सरळ हातात जातो आणि निसटता लागलेला दोन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडतो. त्यामुळे उत्तम संघही हंगामात साठेक सामने हरतो आणि अगदी सुमार संघही साठेक जिंकतो. एक तृतीयांश म्हणजे ५४ विजय तर कसेही पदरात पडतात, असा इथल्या लोकांचा ढोबळ हिशेब असतो. ४१ हा आकडा त्याच्याही बराच खाली आहे, आणि तो सहा महिने जवळजवळ रोज खेळून आलेला आहे. याहून वाईट कामगिरी शोधायची तर १८९९ च्या क्लीव्हलँड स्पायडर्सपर्यंत मागे जावे लागते. त्यांनी २० सामने जिंकले आणि १३४ गमावले. त्यांच्या मालकांकडेच सेंट लुइसचाही संघ होता आणि नामांकित पिचर साय यंगसह चांगले खेळाडू त्यांनी तिकडे हलवले होते. घरी प्रेक्षक येईनात म्हणून स्पायडर्सनी बहुतेक सामने परगावीच खेळले आणि त्यांतले १०१ गमावले.

श्रेणी बदलण्याची पद्धत इथे नाही. उलट तळाच्या संघाला पुढच्या वर्षी नवोदित खेळाडू निवडण्यासाठी होणाऱ्या सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते. मात्र व्हाइट सॉक्सच्या नशिबी तेही नाही. अलीकडच्या नियमानुसार मोठ्या शहरातल्या सधन संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीतला क्रमांक घेता येत नाही. गेल्या वर्षीच्या सोडतीत संघाला पाचवा क्रमांक मिळाला होता, म्हणून १२१ सामने हरूनही पुढच्या वर्षी दहाव्याच्या वर जाता येणार नाही.

नोवायकर, ४ ऑक्टोबर २०२४

दक्षिणतीर, तुम्ही आमच्या गावी येऊन गेलात आणि कळवले नाहीत, याबद्दल प्रेमाची तक्रार नोंदवतो. मीही त्या रात्री मैदानावर होतो. तुमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी हात का मिळवला असेल, ते मी सांगू शकतो. २००३ साली आमच्या टायगर्सनी ११९ सामने गमावले होते आणि अमेरिकन लीगमधला तो विक्रम परवापर्यंत आमचाच होता. त्या वर्षी शेवटच्या सहा सामन्यांपैकी पाच जिंकल्यामुळे मेट्सची बरोबरी टळली. माझी मोठी मुलगी त्या वेळी बालवाडीत होती आणि तिला मी त्यांतल्या एका सामन्याला नेले होते. आजूबाजूच्या रांगा रिकाम्या होत्या, पण जी माणसे होती ती प्रत्येक धावेला उभी राहत होती. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, तोच संघ अंतिम विजेतेपदाच्या मालिकेत खेळला. २००३ मध्ये येणाऱ्यांना २००६ ची चाहूल नव्हती. ते आले, कारण तो त्यांच्या गावचा संघ होता.

आता मतभेदाचा मुद्दा. घरच्या मैदानावर बहिष्कार घालून नेमके कोणाला कळते? मालक खासगी कक्षात बसतात. रिकाम्या खुर्च्या दिसतात त्या खेळाडूंना, आणि त्यांतले निम्मे बिचारे विशीतले, पहिल्या संधीसाठी धडपडणारे असतात. परवाच आमच्या संघाने ह्यूस्टनला त्यांच्याच मैदानावर दोन सामन्यांत गारद केले. त्यातल्या तरुणांपैकी काहींना गेली दोन-तीन वर्षे आम्ही इथल्या अर्ध्या रिकाम्या मैदानातच टाळ्या वाजवत होतो.

खाडीपलीकडची, ४ ऑक्टोबर २०२४

हा धागा मी तीनदा वाचला आणि मग लिहायला बसले. मी ऑकलंडजवळ राहते. आमचा ॲथलेटिक्स संघ १९६८ पासून इथे होता. २६ सप्टेंबरला, म्हणजे तुम्ही डेट्रॉइटला निघालात त्याच्या आदल्या दिवशी, तो इथला शेवटचा सामना खेळला. टेक्सासला त्यांनी ३-२ असे हरवले. ४६,८८९ प्रेक्षक होते. आता संघ काही वर्षे सॅक्रामेंटोत खेळून मग लास व्हेगासला जाणार आहे.

बहिष्काराविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, दादा. आमच्याकडेही लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. कारणे अगदी तुमच्यासारखीच होती: चांगले खेळाडू एकेक करून दुसरीकडे दिले जात होते आणि मैदानाची डागडुजीही होत नव्हती. परिणाम असा झाला, की 'इथे प्रेक्षकच येत नाहीत' हेच संघ हलवण्याचे समर्थन म्हणून पुढे आले. तेव्हा आम्ही उलटा प्रयोग केला. १३ जून २०२३ ला लोकांनी ठरवून मैदान भरायचे असा निरोप गावभर फिरला, आणि एरवी काही हजार डोकी असणाऱ्या मंगळवारी २७,७५९ लोक आले. बऱ्याच जणांच्या अंगात 'विका' असे लिहिलेले हिरवे सदरे होते. ती संध्याकाळ विसरणे शक्य नाही. पण तोपर्यंत निर्णय झाल्यात जमा होता. हे पाच वर्षे आधी केले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि एक सांगते. तुमच्या संघाची सलग २१ पराभवांची मालिका ६ ऑगस्टला तुटली ती आमच्याच मैदानावर. ५-१ असा सामना झाला होता आणि मी तिथे होते. तुमच्या बाजूचे मोजके लोक इतके आनंदाने नाचत होते, की आमच्यातल्याही काहींनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मनात त्या वेळी हेच होते, की यांचा संघ हरतो आहे, पण पुढच्या उन्हाळ्यात तो यांच्याच गावात असेल.

तीन नद्यांकाठी, ५ ऑक्टोबर २०२४

पिट्सबर्गकरांनी या धाग्यावर गप्प बसणे बरे दिसणार नाही. पायरेट्सना १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे विजयांपेक्षा पराभवच जास्त आले. आमच्या घरी वेंकटेश्वराच्या दर्शनासाठी ओहायो-मिशिगनमधून पाहुणे यायचे, आणि दर्शन झाले की संध्याकाळी त्यांना पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानावर नेण्याचा माझा शिरस्ता होता. संघ हरायचा, पण नदी, पूल आणि पलीकडच्या इमारतींचे दिवे पाहून पाहुणे खूश व्हायचे. १ ऑक्टोबर २०१३ ला तिथे सिनसिनाटीविरुद्ध अंतिम फेऱ्यांतला जो सामना झाला, त्यात काळे कपडे घातलेल्या प्रेक्षकांनी समोरच्या पिचरच्या नावाचा एका सुरात असा गजर केला की त्याच्या हातून चेंडू सुटून खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन (षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला. वीस वर्षे साठलेला आवाज होता तो. मंदिराच्या निमित्ताने येणाऱ्यांना अजूनही सांगतो: एप्रिल-मे महिन्यात या, तिकिटे स्वस्त मिळतात.

दक्षिणतीर, ६ ऑक्टोबर २०२४

सर्वांचे आभार. खाडीपलीकडची ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. संघ गावातून जाण्याची भीती शिकागोच्या दक्षिण भागालाही नवी नाही. १९८८ मध्ये व्हाइट सॉक्स फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जाण्याच्या बेतात होते. नव्या मैदानासाठी पैसा देणारे विधेयक इलिनॉयच्या विधिमंडळात शेवटच्या रात्री मंजूर झाले, आणि मुदत उलटू नये म्हणून सभागृहातले घड्याळ मध्यरात्रीपूर्वीच थांबवून ठेवले होते. १९९१ मध्ये उघडलेले आजचे मैदान त्या रात्रीमुळे उभे आहे. म्हणूनच नव्या मैदानाची मागणी ऐकली की आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या पोटात गोळा येतो.

तरीही रिकाम्या खुर्च्या आणि स्थलांतर यांचे नाते शिकागोत ऑकलंडसारखेच लागेल असे मला वाटत नाही. शहर मोठे आहे, दूरचित्रवाणीची मिळकत मोठी आहे, आणि आठवड्यापूर्वी 'संघ विका' म्हणून ओरडणारे प्रेक्षक मैदानात येऊनच ओरडत होते. ते सर्व वृत्तपत्रांत पोचले. मी घरी बसून केलेला विरोध पोचला नाही. तुमच्या १३ जूनच्या संध्याकाळच्या अनुभवातून मी हेच घेतो आहे. नोवायकर, खेळाडूंविषयी तुम्ही लिहिलेले माझ्या मुलाला तंतोतंत पटले आहे आणि घरात आता माझ्या बाजूने कोणी उरलेले नाही.

त्यामुळे आमचे असे ठरले आहे. पुढचा हंगाम २७ मार्चला घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्धच सुरू होतो. त्या सामन्याची दोन तिकिटे काढायची, वरच्या मजल्यावरची, स्वस्तातली. गाडी न नेता नेपरव्हिलहून मेट्रा या उपनगरी रेल्वेने आणि पुढे रेड लाइनने जायचे, म्हणजे पार्किंगचे पैसे द्यावे लागणार नाहीत. घोषणा द्यायच्या असतील तर तिथे बसून द्यायच्या. बाकीचा खर्च बाहेरगावच्या सामन्यांसाठी राखून ठेवायचा: मिलवॉकी, डेट्रॉइट, आणि तीन नद्यांकाठी यांनी आग्रह केलाच आहे तर वेळापत्रक जुळल्यास पिट्सबर्गही. डेट्रॉइटला येण्याआधी नोवायकरांना महिनाभर आधी कळवीन. शुक्रवारचा सामना मिळाला तर मुक्काम करूनच येऊ, म्हणजे शनिवारचाही पाहता येईल.